लिफाफ्याच्या जोडावरचा शिक्का

आज माझी भाची विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून पाचव्यांदा परत आली. साडेतीन तास एसटीने जायचे, तेवढेच परत यायचे आणि मध्ये एका खिडकीसमोर उभे राहायचे. अमेरिकेतल्या विद्यापीठाला तिची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचे अधिकृत उतारे, बंद लिफाफ्यात हवी आहेत, आणि लिफाफा जिथे चिकटवतात त्या जोडावर शिक्का हवा आहे, म्हणजे मध्ये कोणी तो उघडला तर लगेच कळावे. आजच्या लिफाफ्यावर शिक्का आहे, चांगला जांभळा आणि ठसठशीत, पण पुढच्या बाजूला, पत्त्याशेजारी. तिने हे दाखवले तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी विचारले, "शिक्का पाहिजे होता ना? मग हा काय आहे?" लिफाफा बदलून हवा असेल तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा चलन.

विद्यापीठाचे नाव मी लिहीत नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना ते आपलेच वाटेल, एवढे पुरे आहे.

ही पोरगी घरी येऊन रडली नाही, तिने शांतपणे चहा घेतला आणि म्हणाली, "मावशी, त्यांना बहुतेक माहीतच नसेल गं." मला मात्र तेव्हापासून, मी स्वतः अमेरिकेत शिकत असतानाची, 2004 च्या फेब्रुवारीतली एक शनिवारची संध्याकाळ आठवते आहे. दुपारी दादाचा फोन आला की अण्णा गेले. रविवार सकाळचे विमान मिळाले, मी बॅग भरायला घेतली, आणि खोलीतल्या मैत्रिणीने विचारले, "आय-ट्वेंटीवर सही आहे का?" तिथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला देशाबाहेर जाऊन परत यायचे असेल, तर त्या कागदावर विद्यापीठाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही लागते आणि ती एक वर्षच चालते. माझी सही जुनी झाली होती. कार्यालय सोमवारी उघडणार होते. मैत्रिणीने ती सही करणाऱ्या सल्लागार बाईंना घरी फोन केला, आणि त्या बाई बर्फातून गाडी चालवत आल्या, कार्यालयाचे कुलूप काढून टेबलाशी उभ्या राहिल्या. गाडीत पडून राहिलेले पेन थंडीने उमटेना, तेव्हा त्यांनी ते दोन्ही तळव्यांत धरून चोळले, मग सही केली.

मान्य आहे, तिथे शुल्क डॉलरमध्ये घेतात, आणि आपल्याकडे एका विद्यापीठाला शेकडो महाविद्यालये जोडलेली असून कर्मचाऱ्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात. तेच कार्यालय आमची नोंद सरकारला कळवत असे, हेही खरे आहे. पण लिफाफा उलटा करून शिक्का मारायला किती मनुष्यबळ लागते, हे मला कोणीतरी सांगावे.

संताप होतो तो यामुळे, की आपल्या मुलांना बाहेर कुठे अडखळायला होते हे ठरलेले आहे, दरवर्षी तेच आहे, आणि तरी प्रत्येक मुलाने ते स्वतःच्या खर्चाने नव्याने शोधायचे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि शेवटी आईचे नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. तिकडचा माणूस आईच्या नावाला आडनाव समजतो आणि विचारतो, ही दोन वेगळी माणसे आहेत का? विद्यापीठाने चार ओळींचे पत्र छापून ठेवले तर काम भागते. आपल्याकडे साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी म्हणतात, तिकडे साठ म्हणजे जेमतेम काठावरचा. ट्रान्सक्रिप्टच्या मागे श्रेणींचा तक्ता छापला तर मुलांचे नुकसान टळते. माझ्या भाचीने तर प्रतिज्ञापत्र केले, नोटरीकडे जाऊन, की तिच्या आईचे नाव हे तिच्या आईचेच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये विद्यापीठांना आंतरराष्ट्रीय कार्यालय काढायला सांगितले, तशी ती निघालीही. त्यांचे फोटो आपण सगळे पाहतो: शाल, श्रीफळ, सामंजस्य करार, मध्ये एक अवघडलेले परदेशी पाहुणे. त्या फोटोतल्या दालनापासून परीक्षा विभागाची खिडकी दोन इमारती पलीकडे असते. तिथवर चालत जाऊन "जोडावर शिक्का मारा" एवढे सांगणारा माणूस मात्र अजून नेमला गेलेला नाही.

बाबासाहेब 1916 मध्ये लंडनला शिकायला गेले आणि पुढच्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची परवानगी दिली होती. 1920 मध्ये ते परत गेले आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. श्रेय त्यांच्या कष्टांचेच आहे, त्यात वाद नाही. पण जाणाऱ्या विद्यार्थ्याची परतीची वाट मोकळी ठेवणारा एक कागद कुठल्यातरी कारकुनाने वेळेवर तयार केला असेल, आणि आज मला सारखा तो कारकूनच आठवतो आहे.

त्या शनिवारी सही झाल्यावर बाईंनी मला आणखी एक पाकीट दिले. माझ्या तिन्ही प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती त्यात होत्या: ही विद्यार्थिनी वडिलांच्या निधनामुळे घरी जात आहे, तिची परीक्षा पुढे घ्यावी. मी मागितले नव्हते, मला सुचलेही नव्हते. तेराव्याला मी घरी होते आणि पंधराव्या दिवशी परत वर्गात बसले होते.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. भाची म्हणते ते खरेही असेल. त्या खिडकीमागच्या गृहस्थांना हा लिफाफा पुढे कोण, कशासाठी आणि कसा तपासणार आहे, हे कोणी कधी सांगितलेच नसेल. त्यांचा स्वतःचा मुलगा गेला असता तर त्यांनी तो जोड भिंगाने पाहिला असता.

उद्या पहाटे पावणेसहाच्या एसटीने आम्ही दोघी निघतो आहोत. लिफाफे आम्ही घरूनच नेतो आहोत, आणि जिथे शिक्का हवा तिथे भाचीने पेन्सिलीने एक बारीकसा गोल काढून ठेवला आहे.