'जगावेगळी अमेरिका' आणि 'आधी अमेरिका'

ट्रम्प यांच्या 'आधी अमेरिका' (अमेरिका फर्स्ट) या राष्ट्रवादाचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, 'त्यात नवं काय? अमेरिका पहिल्यापासून स्वतःला जगावेगळीच समजते.' मला हे अजिबात पटत नाही.

जगावेगळेपणाचा सूर जुना आहे, हे खरं. १६३० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत वसाहत करायला निघालेल्यांचा नेता जॉन विन्थ्रॉप याने बायबलमधल्या डोंगरावरच्या नगरीचा दाखला दिला तो धाक म्हणून: जगाचे डोळे आपल्यावर आहेत, चुकलो तर नाचक्की होईल. १९८० च्या दशकातले अध्यक्ष रेगन यांच्या तोंडी त्याचा अभिमान झाला. याच गुर्मीत २००३ मध्ये इराकवर युद्ध लादलं गेलं, तेही मी विसरलेलो नाही.

तरीही जगावेगळेपणाचा हा दावा तत्त्वांच्या नावाने केलेला असतो, म्हणून त्याचा जाब विचारता येतो. १९६३ मध्ये लिंकन स्मारकासमोर मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेच केलं. देशाने कृष्णवर्णीयांना दिलेला समतेच्या वचनाचा चेक 'खात्यात पुरेसे पैसे नाहीत' असा शेरा मारून परत आलाय, असं ते म्हणाले आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामाच पुढे केला. आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागापायी. त्या कामाचा आदर्श पुण्यातल्या माणसालाही आपला वाटू शकला.

राष्ट्रवादी भाषणात ही सोयच उरत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुलाखतकाराने पुतिन यांना खुनी म्हटलं, तर ट्रम्प यांचं उत्तर होतं: आपला देश काय इतका निष्पाप आहे? काहींना हा प्रामाणिकपणा वाटला. मला धडकी भरली, कारण त्यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. चांगलं असण्याची अटच काढून टाकली होती.

जुलै २०२४ च्या रिपब्लिकन पक्ष अधिवेशनात ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स यांनी तर सरळच सांगितलं की अमेरिका ही नुसती कल्पना नाही, समान इतिहास असलेला लोकसमूह आहे. सोबत केंटकी राज्याच्या पूर्व भागातल्या स्वतःच्या घराण्याच्या दफनभूमीचं वर्णन. नवे लोक घेऊ, पण आमच्या अटींवर.

जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस इथे येऊन अमेरिकन होऊ शकतो, असं रेगन जानेवारी १९८९ मध्ये, पद सोडताना म्हणाले होते. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पणजोबांची दफनभूमी केंटकीत नाही. रेगन यांच्या त्या वाक्यात या मुलांचा हक्क होता. व्हान्स यांच्या भाषणात त्यांना फक्त परवानगी आहे, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते.