हाताखाली शिकणं म्हणजे नुसतं राबणं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीन दिवसांपूर्वीच वाचली होती. त्यातले दोन मुद्दे चांगलेच लागले, म्हणून घाईत काहीतरी लिहून टाकायचं नव्हतं.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. गेल्या लेखात मी म्हटलं होतं की लाईव्ह साउंड, म्हणजे कार्यक्रमातला आवाज सांभाळायचं काम, शिकायचं असेल तर वर्ष दोन वर्षं कुणातरी अनुभवी माणसाच्या हाताखाली काढा, केबल गुंडाळा, स्टेज लावा, मग डेस्कवर, म्हणजे मिक्सरवर या. त्यावर तुमचं म्हणणं असं की ही सगळी पद्धत म्हणजे पोरांना फुकटात राबवून घ्यायचा रस्ता आहे, सीनियर लोक मुद्दाम सांगत नाहीत आणि सांगतात त्यातलं अर्धं चुकीचं असतं. आता डेस्कचा ऑफलाईन एडिटर (घरच्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग) मिळतात, फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून येणाऱ्या शिट्टीची, फ्रिक्वेन्सी दाखवायला ॲनालायझर आहे. तुम्ही चार वर्षं असंच स्वतःचं स्वतः शिकलात आणि शो करताय, मग त्या केबल गुंडाळण्यातून नेमकं काय मिळतं?

चुकीचं शिकवतात हा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात तो यायला हवा होता. मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो. गिटारच्या ॲम्पमधून घूं घूं असा हम यायला लागला की प्लगची अर्थची पिन काढून टाकायची, हे मला दादांनीच शिकवलं. हम लगेच जायचा, त्यामुळे मला ती विद्याच वाटली, आणि वर्षभर मी ते बिनदिक्कत करत राहिलो. मग एका शोला गिटार वाजवत गाणाऱ्या मुलाचे ओठ माईकला लागले आणि तो झटका खाऊन मागे कोलमडला. वाचला, पण त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. झालं असं की ॲम्पच्या आत बिघाड होता आणि चेसिसमध्ये करंट उतरला होता. अर्थ असता तर फ्यूज उडाला असता, पण ती वाट मीच बंद केलेली. गिटारच्या तारा केबलच्या शील्डमधून त्या चेसिसला जोडलेल्या, माईकची बॉडी डेस्कमधून अर्थला जोडलेली, आणि मधे तो मुलगा. सेफ्टी अर्थला कधीच हात लावायचा नाही, हम तोडायचा तो ऑडिओच्या लाईनमध्ये, म्हणजे डीआय बॉक्सचा (वाद्य आणि डेस्क यांच्या मधे लावायचा डबा) ग्राउंड लिफ्ट वापरा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, किंवा सगळी पॉवर एकाच डिस्ट्रिब्यूशनवरून घ्या, हे मी त्यानंतर पुस्तकातून शिकलो, दादांकडून नाही. तेव्हा कोणी कितीही मोठा असला तरी विजेच्या बाबतीत त्याचा शब्द प्रमाण मानू नका, हे मी आता ठासून सांगतो.

कानांचंही तेच. दादा आयुष्यभर इअरप्लगशिवाय उभे राहिले आणि आम्हालाही म्हणायचे की प्लग घालून काय मिक्स ऐकणार. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डीबीएला (आवाजाच्या पातळीचं माप) जास्तीत जास्त ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डीबीला वेळ निम्मा, म्हणजे १०० डीबीएला फक्त १५ मिनिटं. आपले शो किती तास चालतात ते तुम्हाला माहितीच आहे. शेवटी शेवटी दादांचे मिक्स वरच्या, म्हणजे तीक्ष्ण आवाजांच्या बाजूला टोचायला लागले होते, कारण ते वरचं त्यांना स्वतःलाच ऐकू येत नव्हतं आणि ते वाढवत राहायचे. त्यांना हे सांगायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता त्याच दादांची दुसरी गोष्ट. साउंडचेक चालू होता, मी मॉनिटरला होतो, म्हणजे कलाकारांना स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकवायच्या कामावर. गायिका म्हणाली, मला मी ऐकू येत नाहीये. मी तिच्या वेजमध्ये, म्हणजे पायाशी ठेवलेल्या तिरक्या स्पीकरमध्ये, तिचा आवाज ३ डीबी वाढवला. तरी नाही. आणखी ३ वाढवला. मग वेजने शिट्टी मारली, म्हणून ग्राफिकवर (एकेक फ्रिक्वेन्सी कमीजास्त करायचा ईक्यू) अडीच के, म्हणजे अडीच हजार हर्ट्झ, खाली ओढला, शिट्टी गेली पण तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, आणि ती पुन्हा म्हणाली की ऐकू येत नाहीये, आता जरा चिडून. दादा उठले, स्टेजवर गेले, तिच्या अगदी शेजारी उभे राहिले, मान वाकवून स्वतःचा कान तिच्या कानाच्या उंचीला आणला आणि म्हणाले, गा बरं. दोन ओळी ऐकल्या. मग खाली बसले, वेजची तिच्याकडची कड उचलून खाली लाकडाचा तुकडा सरकवला, कारण तोपर्यंत हॉर्न (वरच्या फ्रिक्वेन्सींचा भोंगा) तिच्या कमरेवर मारत होता. गिटारवाल्याचा ॲम्प तिच्या कानाच्या दिशेने होता, तो त्याला विनंती करून फिरवायला लावला. आणि मला तिथूनच ओरडून सांगितलं, तिच्या वेजमधली गिटार काढ आणि तू वाढवलेलं सगळं परत खाली घे, ग्राफिकपण. मी घेतलं. म्हणजे तिचा आवाज मघापेक्षा चक्क ६ डीबी कमी होता आणि ती हसून अंगठा दाखवत होती.

मास्किंग, म्हणजे एका आवाजाखाली दुसरा झाकला जाणं, काय असतं हे मला त्याआधीही माहिती होतं. वाचलेलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. पण 'ऐकू येत नाहीये' या वाक्याचा अर्थ 'माझ्यावर दुसरं काहीतरी बसलंय' असाही असतो, आणि ते डेस्कमागे उभं राहून कळत नाही, तिच्या कानाशी जावं लागतं, हे मला कुठल्या व्हिडिओने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी घाईच्या वेळी ते आठवलं नसतं. दादा तिच्याशेजारी मान वाकवून उभे होते ते चित्र डोक्यात बसलं, म्हणून आता माझे पाय आपोआप स्टेजकडे वळतात.

त्यामुळे माझं म्हणणं आता मी असं मांडेन, आणि गेल्या लेखात ते इतकं स्पष्ट नव्हतं हे कबूल: अनुभवी माणसाकडून त्याचं लक्ष कुठे जातं ते शिका, त्याची कारणं मात्र बाहेर तपासून घ्या. कारण कारणं बऱ्याचदा ऐकीव असतात. दादा म्हणायचे, केबल कोपराला गुंडाळू नकोस, करंट अडकतो. करंट वगैरे काही अडकत नाही, कोपराला एकाच दिशेने गुंडाळत गेलं की प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो, आतले तांब्याचे धागे ताणले जाऊन शेवटी तुटतात, म्हणून एक वेढा वरून एक उलटा असं गुंडाळायचं. कारण चूक, सवय बरोबर. तसंच ते म्हणायचे की संध्याकाळी थंडीने मागचे स्पीकर आखडतात, म्हणून शोच्या आधी मागे चालत जाऊन पुन्हा ऐकायचंच. स्पीकर आखडत नाहीत हो, हवा बदलते. २० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे दुपारी ३० अंशात ६० मीटरवरच्या टॉवरचा, म्हणजे मागच्या स्पीकरचा, डिले (आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं) लावला आणि रात्री हवा २० वर आली तर जवळपास ३ मिलिसेकंदांचा फरक पडतो, शिवाय दमटपणा बदलला की लांबवर वरच्या फ्रिक्वेन्सी कमीजास्त पोचतात. दादांना यातलं एक अक्षर माहिती नव्हतं, पण रोज संध्याकाळी ते मागे चालत जायचे, आणि मला हे आकडे तोंडपाठ असूनही मी जात नव्हतो.

ॲनालायझरबद्दल. मीही वापरतो, त्याला नावं ठेवायचं कारणच नाही. पण २.५ के वाजतंय हे तो सांगेल, कुणाच्या माईकमधून वाजतंय ते सांगणार नाही. दादा शिट्टीची चाहूल लागली की स्क्रीनकडे बघायचेच नाहीत, स्टेजकडे बघायचे. कुणी माईकची जाळी मुठीत धरलीये का, म्हणजे माईकचा पॅटर्नच (तो कुठल्या दिशेचं ऐकतो ते) बिघडला. कुणी माईक हातात घेऊन वेजसमोर वाकलंय का. कोरसचे चार माईक गाणं संपल्यावरही उघडेच आहेत का, कारण उघडे माईक दुप्पट झाले की फीडबॅकच्या आधीची जागा ३ डीबीने कमी होते. नव्वद टक्के वेळा एक फेडर (चॅनेलचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) थोडा खाली आणून काम व्हायचं आणि ईक्यूला हात लागायचा नाही. आम्ही नवे लोक मात्र ग्राफिकवर एकेक दात पाडत बसायचो.

माईकचंही असंच. वेज लावण्याआधी ते माईक हातात घेऊन बघायचे आणि काही माईकबद्दल म्हणायचे, हा मागून थोडं ऐकतो, वेज अगदी समोर नको, जरा बाजूला घे. मला ते अंधश्रद्धेसारखं वाटायचं. खूप नंतर पोलर पॅटर्नचे चार्ट बघितले तेव्हा कळलं की कार्डिऑइड प्रकारचा माईक सरळ मागे, १८० अंशाला बहिरा असतो, पण सुपरकार्डिऑइडला मागे थोडं शेपूट असतं आणि तो खरा बहिरा असतो साधारण १२६ अंशाला. त्यांना शब्द माहिती नव्हता, जागा बरोबर माहिती होती.

व्हर्च्युअल साउंडचेकवर, म्हणजे आधीचं रेकॉर्डिंग डेस्कवर वाजवून केलेल्या साउंडचेकवर, तुम्ही बरंच लिहिलंय आणि ते उत्तम साधन आहेच, मला माझ्या काळात मिळालं असतं तर मी किती लवकर पुढे गेलो असतो. पण त्यात माईक बंद असतात, रेकॉर्डिंग वाजतंय, म्हणजे तुम्ही मॉनिटर कितीही वाढवा, शिट्टी येणारच नाही, आणि वेज बदलला म्हणून गायकाचा सूर हलणार नाही, ड्रमर जोरात मारायला लागणार नाही. स्टेजवर सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. घरी मिक्स शिकता येतो, ही साखळी शिकता येत नाही. आणि हॉल रिकामा असताना लावलेलं सगळं माणसं भरली की बदलतं ते वेगळंच, कारण माणसं आवाज शोषतात.

आता मुद्दाम सांगत नाहीत हा आरोप. असे लोक आहेत, मलाही भेटलेत, डेस्कवर पाठ करून उभे राहणारे. पण माझ्या अनुभवात बहुतेकांना सांगताच येत नाही. तुम्ही 'हे कसं केलं' विचारलं की ते 'कानाने' म्हणतात आणि आपल्याला वाटतं टाळतायत. मी प्रश्न बदलला, विचारायला लागलो, 'आत्ता तुम्हाला काय खटकलं?' याला उत्तर मिळतं. मात्र शो चालू असताना नाही हं, वहीत वेळ लिहून ठेवायची, 'दुसरं गाणं, बास काहीतरी केलं', आणि रात्री केबल गुंडाळताना विचारायचं. केबल गुंडाळताना माणूस मोकळा असतो, हात चालू असतात, डोकं रिकामं असतं. मला जे काही मिळालं त्यातलं बरंचसं त्या तासाभरात मिळालंय, त्यामुळे केबल गुंडाळण्यातून काय मिळतं या तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हेच आहे.

आणि तुमचा ऑफलाईन एडिटर इथे खरा कामाला येतो. साउंडचेक तुम्ही केलात की सीन, म्हणजे डेस्कची सगळी सेटिंग्ज, सेव्ह करा, सीनियरने येऊन हात फिरवला की त्यांना विचारून वेगळ्या नावाने पुन्हा सेव्ह करा, आणि घरी दोन्ही शेजारी ठेवून बघा काय काय हललंय. मी एका पोराला हे करायला लावलं, त्याला दिसलं की त्याच्या सीनमध्ये चौदा चॅनेलना ईक्यू होता आणि नंतरच्यात पाचच, बाकी सगळं काम गेन (माईकच्या सिग्नलची सुरुवातीची पातळी), हायपास (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) आणि माईकची जागा बदलून झालं होतं.

फुकट राबवण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, पूर्ण. लोडिंग अनलोडिंग हे काम आहे, कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, शिकवतोय म्हणून ते बुडवायचा कुणाला हक्क नाही. आणि सहा महिने झाले तरी तुम्हाला एकदाही लाईन चेक (प्रत्येक माईकचा आवाज डेस्कपर्यंत येतोय का ते बघणं) करू दिला नसेल, एखाद्या ओपनिंग ॲक्टचे दोन चॅनेलसुद्धा हातात दिले नसतील, तर तिथून निघा. मी 'वर्ष दोन वर्षं' असं सरसकट लिहिलं ते चुकलंच, लेखात दुरुस्ती करतोय.

शेवटी तुम्ही विचारलंय की चार वर्षं शो केल्यावर आता पुन्हा कुणाच्या हाताखाली जायचं का. हाताखाली नको. एखाद्या मुरलेल्या मॉनिटर इंजिनियरला विचारून एक अख्खा शो त्यांच्या शेजारी उभे राहा, साउंडचेकपासून, डेस्कला हात न लावता. प्रत्येक वेळी त्यांनी फेडर हलवायच्या आधी कुठे बघितलं, कुणाकडे बघितलं, एवढंच वहीत लिहा, काय हलवलं ते लिहू नका, ते सीनमध्ये सापडेल. आणि जमलं तर ती पानं इथे टाका, मला ती खरंच वाचायचीयेत.