मास्क पोरांना, बस मोकाट!

"शहरातील वाढत्या प्रदूषणामुळे विद्यार्थ्यांनी मास्क लावून यावे. पालकांनी नोंद घ्यावी." आली ना ग्रुपवर सूचना? घेतली नोंद! आणि त्याच दुपारी, त्याच फाटकाबाहेर, त्याच शाळेनं ठरवलेल्या बस ओळीनं उभ्या, सगळ्यांची इंजिनं चालू. सकाळचं अधिवेशन सुटतंय, दुपारचं भरतंय, पेठेतली बोळकांडी गल्ली. ड्रायव्हर रील बघतोय. का हो बंद करत नाही? "एसी गार नसला की पोरं ओरडतात." अहो, पोरं अजून बसमध्ये चढलीच नाहीत! ती खाली उभी आहेत आणि सायलेन्सरचं तोंड त्यांच्या नाकापासून हातभर.

आणि मास्क कुठला, तर कापडी. गालाशी बोटभर फट. डिझेलची काजळी मायक्रॉनपेक्षा बारीक, ती तिथून आरामात आत जाते. नायट्रोजन डायऑक्साइड तर वायूच, त्याला एन-९५ सुद्धा अडवत नाही. सहा-सात वर्षांचं पोर मिनिटाला वीसेक श्वास घेतं, वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, आणि त्याची फुप्फुसं अजून वाढतायत. म्हणजे उपाय कुणी करायचा? त्यानं!

"स्टार्टर खराब होतो" हे दुसरं ठरलेलं उत्तर. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणंच स्वस्त पडतं. उभ्या गाडीत इंजिन नुसतं घरघरत राहिलं की एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा नळ, गार होत जातो. त्यात बसवलेल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिस्टला काम करायला अडीचशे अंशांच्या आसपास ताप लागतो, तो मिळत नाही. मग पहिला गिअर पडला की साठलेली काजळी भसकन बाहेर. मागच्या बसचा पंखा ती आत ओढतो. एसी "आतली हवा आतच" वर ठेवला तर वीस पोरांच्या श्वासानं डबा कोंदतो, दप्तरावर डोकं टेकून निम्मी पेंगतात. रांगेत उभं असताना चावी बंद, खिडक्या उघड्या. एवढंच करायचंय!

गाडी काळं ओकतेय म्हणजे एअर फिल्टर चोंदलाय, नाहीतर इंजेक्टर ठिबकतोय, नाहीतर टर्बोचा पाइप फाटलाय. फिल्टर बदलायला कितीसा वेळ लागतो? पण काचेवर पीयूसी आहे ना! डिझेलच्या चाचणीत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, इंजिन शेवटच्या आरपीएमपर्यंत नेऊन, असं अनेकदा करून धुराचा गडदपणा मोजायचा असतो. पंपाशेजारच्या व्हॅनमध्ये नंबरप्लेटचा फोटो निघतो, हलकीशी घरघर होते, झालं. तरी त्यात नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचं कडक मानक आलं, डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं, चांगलंच झालं. पण २०१८ च्या बसला त्यानं काजळीचा फिल्टर उगवत नाही. आणि नव्या बसला असतो तो डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तो साफ व्हायला एक्झॉस्ट सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो. पेठेत दुसऱ्या गिअरवर रांगून कसा तापणार? दिवा लागतो, मग गॅरेजवाला आतली जाळी काढून पोकळ डबा परत बसवून देतो.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं की तीन हात जोडलेले येतात, एक "अगदी खरं", आणि लगेच कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक. मला तिथं "धूरवाले" म्हणत असणार. म्हणू देत, बसवाल्याला कुणी काही म्हणत नाही तोवर माझ्यावरच भागवा.

मास्क न लावता फुप्फुसं सुधारतात हो. दक्षिण कॅलिफोर्नियात गाड्यांचे, इंधनाचे नियम कडक होत गेले, हवा निवळली, आणि पंधराव्या वर्षी फुप्फुसं कमकुवत असलेल्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ वर आलं, १९९४–९८ च्या तुकडीपासून २००७–११ च्या तुकडीपर्यंत. आपल्याकडे काय, तर पर्यावरण दिनाची चित्रकला स्पर्धा! ११ डिसेंबरला पुण्यातला लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांना, बाकी वर्षभर पादचारी जीव मुठीत धरून.

शाळेत परिवहन समिती असायला हवी, २०११ च्या स्कूल बस नियमावलीत आहे. तिची बैठक शेवटची कधी झाली, विचारा. कंत्राटात लिहून घ्या: बीएस-६, सीएनजी किंवा इलेक्ट्रिक, फाटकाशी इंजिन बंद, नाहीतर दंड.

आणि पालकहो, तुमच्या एसयूव्ही? डबल पार्किंग, एसी चालू, "दोनच मिनिटं". दोनशे मीटर आधी उतरवा, चालू द्या पोराला. कुठून चालायचं म्हणता? तेही खरंच, फुटपाथवर तुमचीच स्कूटर लावलेली असते!