बाप्पा, एक सेकंद!

"एक सेकंद" हे मी आयुष्यात किती वेळा म्हणालो असेन देव जाणे. आई हाक मारते तेव्हा एक सेकंद, खाली रिक्षावाला हॉर्न मारतो तेव्हा एक सेकंद, बायको पंखा पुसायचा म्हणते तेव्हा तर कितीतरी सेकंद. त्यातला एकही खरा सेकंदाएवढा नव्हता. त्याचा सूड यंदा गणपतीत उगवला.

झालं असं की भाचा आमच्याकडे भांडुपला राहायला आला आणि त्याने परस्पर जाहीर करून टाकलं की यंदा मखर नाही, पुठ्ठ्याची पहिली रेल्वे करायची. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, मधे आपलं भांडुप आणि भांडुपात बाप्पा. डबे तो करणार. माझ्याकडे काम काय, तर एक सिग्नलचा दिवा जो बरोब्बर एक सेकंद चालू आणि एक सेकंद बंद होईल, आणि एक फाटक जे वर-खाली होईल. तेव्हा तिथे फाटक होतं का हे मला विचारू नका, मी पण विचारलं नाही.

आता दिवा लुकलुकवायला डिले, म्हणजे 'इतका वेळ थांब' ही कोडमधली आज्ञा, वापरला की झालं, पण डिले म्हणजे चिप हातावर हात ठेवून बसणार आणि तेवढ्यात फाटक कोण हलवणार? म्हणून म्हटलं हार्डवेअर टायमर लावू, म्हणजे चिपमध्येच असलेला, आपला आपण मोजत राहणारा काउंटर. लॅमिंग्टन रोडवरून आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणलेला होताच, त्याच्यात एटीमेगा३२८पी ही चिप, घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख टिकटिक, आणि चिपमधल्या टायमर१ नावाच्या टायमरला मोजता येतं फक्त ६५५३५ पर्यंत. मग प्रीस्केलर लावायचा, म्हणजे दर २५६ टिकटिकींना एकच धरायची. आई कुकरच्या शिट्या मोजते, त्या आधीची फुसफुस मोजत नाही, तसंच. १ कोटी ६० लाख भागिले २५६, आले ६२५००, त्यातून एक वजा करून ६२४९९ तुलनेच्या रजिस्टरमध्ये टाकायचे, म्हणजे 'मोजणी इथे आली की सांग' असा आकडा ठेवायच्या चिपमधल्या कप्प्यात. हा एक कशाला वजा, तर चिप शून्यापासून मोजते, आमच्या बिल्डिंगसारखी. तळमजला धरला तर आमचा चौथा मजला पाचवा होतो, हे लिफ्ट बंद पडली की नीट कळतं.

सगळं घातलं, अपलोड केलं, दिवा पेटला. आणि पेटलेलाच राहिला. एक सेकंद गेला, दहा गेले, मी आमटीभात जेवून आलो तरी पेटलेला. आई म्हणाली छान दिसतोय की, समईसारखा. म्हटलं आई, तो विझला पाहिजे. तर म्हणे गणपतीसमोरचा दिवा विझवायचा? आता हिला काय सांगणार.

मग टायमर कितीपर्यंत मोजतोय ते स्क्रीनवर छापून बघितलं. आकडा एकाच जागी ढिम्म. वैतागून हात पुढे केला तर पळायला लागला! हात मागे घेतला, थांबला. परत हात, परत पळाला. मला क्षणभर खरंच वाटलं की आपल्यात काहीतरी शक्ती आहे. भाच्याला बोलावून दाखवलं, आईला दाखवलं, तर आई म्हणाली हात लावल्यावर चालतंय ना, मग बस हात लावून.

कारण रात्री दीडला चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपुस्तकात, सापडलं. आर्डुइनो चालू होताना स्वतःच टायमर१ ला पीडब्ल्यूएमसाठी (दिवा झपाट्याने चालू-बंद करून मंद-प्रखर करायची युक्ती) लावून ठेवतो, आणि तेसुद्धा फेज करेक्ट मोडमध्ये, म्हणजे टोकापर्यंत मोजत जायचं आणि तिथून उलटं मोजत खाली यायचं, जपमाळेत मेरुमणी ओलांडत नाहीत, तिथून मागे फिरतात तसं. मला हवा होता सीटीसी मोड, आकडा आला की थेट शून्यावर. मोडचा एक रजिस्टर मी शून्य करून घेतला होता, दुसरा मात्र तसाच ठेवून त्यात माझा बिट (शून्य-एकची खूण) 'ऑर' करून घातला. म्हणजे आधीच्या भाडेकरूचं सामान न काढताच आपलं सामान आत टाकलं. प्रीस्केलरचे बिट तीन, आधीच तिथे होते ०११, माझे १००, मिळून झाले १११. आणि १११ चा अर्थ काय, तर आतलं घड्याळ सोडून दे आणि पाच नंबरच्या पिनवर बाहेरून जे पल्स येतील ते मोज. त्या पिनला दुसऱ्या सिग्नलसाठी एक वायर लावून मी लटकती सोडलेली. हात जवळ नेला की घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे सेकंदाला ५० झटके, त्या वायरमध्ये शिरायचा आणि बिचारा टायमर तेच मोजायचा. ६२५०० भागिले ५०, म्हणजे वायरपाशी हात धरून बसलो असतो तर २० मिनिटं ५० सेकंदांनी दिवा विझला असता. बायको म्हणाली हाच तुझा खरा एक सेकंद, बरोबर आहे त्याचं.

रजिस्टर आधी शून्य केला, दिवा लुकलुकला. मग मला हुशारी सुचली, इंटरप्टच्या आतच थोडा डिले टाकून दिवा हळू हळू मंद करू. टायमरचा आकडा भरला की चिपला हातातलं काम सोडून यायला लावतो तो इंटरप्ट, म्हणजे दाराची बेल. गॅसवर दूध आहे, बेल वाजली, गॅस बारीक करायचा, पिशवी घ्यायची, दार लावायचं आणि परत दुधापाशी. आमची आई दार उघडते आणि समोर शेजारच्या काकू दिसल्या की त्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं होतं, दूध उतू जाऊन ओटा ओलांडून खाली येतं, कुरियरवाला मागे ताटकळतो. माझा कोड हुबेहूब आईवर गेला होता. एक इंटरप्ट चालू असताना बाकीचे दाराबाहेर उभे, आणि डिलेला वेळ सांगतो तो टायमर० चा इंटरप्ट पण त्याच रांगेत, त्यामुळे तो डिले भलतंच काहीतरी करायला लागला. काढून टाकला. आत फक्त एक खूण करायची आणि बाहेर पडायचं, काम नंतर लूपमध्ये, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या मुख्य कोडमध्ये. (हे मी आईलाही सुचवून बघितलं. असो.)

आता फाटक. त्याला सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी), सर्व्होची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, टाकली आणि कंपायलर ओरडला, व्हेक्टर ११ (टायमर१ च्या इंटरप्टचा नंबर) ची व्याख्या दोनदा झालीये. सर्व्होला पण टायमर१ च लागतो. चिपमध्ये टायमर तीन. टायमर० ला हात लावायचा नाही, मिलिस (किती वेळ झाला ते सांगणारं फंक्शन) आणि डिले त्याच्यावर, तो घरातला कमावता. राहिला टायमर२, अंगकाठी बारीक, २५५ च्या पुढे मोजत नाही. पण प्रीस्केलर १०२४ लावला तर सेकंदाला १५६२५ येतात आणि १५६२५ म्हणजे १२५ गुणिले १२५! टायमरने १२५ मोजायचे, असे १२५ इंटरप्ट मी मोजायचे, सेकंद तयार, बाकी शून्य. पहाटे तीनला मी एकटाच टाळी वाजवली. नेमके तेव्हाच पाणी भरायला उठलेले खालचे काका वर बघून म्हणाले, काय रे, आरती आत्ताच?

स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी भाचा म्हणाला, मामा, इंजिनाला शिटी पाहिजे. बझर होता, टोन नावाचं तयार फंक्शन होतं. टाकलं. व्हेक्टर ७ ची व्याख्या दोनदा झालीये. टोनला टायमर२ लागतो. वन रूम किचनमध्ये तीन भाऊ झोपलेत आणि चौथा दारात बॅग घेऊन उभा! पिन हाताने वर-खाली करून आवाज काढता आला असता म्हणा, पण माझ्यात जीव उरला नव्हता. म्हटलं यंदा शिटी नाही, साहिब, सिंध, सुलतान तिघेही मुके.

दुसऱ्या दिवशी आरतीला सगळी बिल्डिंग. दिवा सेकंदा सेकंदाला लुकलुकतोय, फाटक वर जातंय, खाली येतंय, कोणाचं तिकडे विशेष लक्ष नाही, सगळे मोदक किती झाले बघतायत. आणि बरोब्बर फाटक खाली आलं तेव्हाच आत आईच्या वरणभाताच्या कुकरने सणसणीत शिटी दिली.

"अरे वा," खालचे काका म्हणाले, "शिटी पण बसवलीत!"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो काका, अजून दोन होणार आहेत.