नम्र ख्रिस्ती माणसाने गप्प बसायचे आणि स्वतःला किडा समजायचे?

ख्रिस्ती नम्रतेबद्दल एक संदेश निरनिराळ्या शब्दांत सतत फिरत असतो. त्याचे सार असे: खरा नम्र माणूस स्वतःला मातीमोल समजतो, अन्याय झाला तरी तोंड उघडत नाही, कौतुक झटकून टाकतो, देवाकडे स्वतःसाठी काही मागत नाही आणि आपली पापे चारचौघांत कबूल करतो. पाचही गोष्टी भक्तीच्या वाटतात. शास्त्राशी, म्हणजे बायबलशी, ताडून पाहिल्या तर एकही जशीच्या तशी टिकत नाही.

‘स्वतःला किडा समजा.’ आधार स्तोत्र २२:६ चा दिला जातो. पण तिथे नम्रतेची आज्ञा नाही. लोकांच्या थट्टेने पिळवटलेल्या माणसाचा तो आक्रोश आहे, आणि त्याच स्तोत्रात २२ व्या वचनापासून तोच माणूस मंडळीत, म्हणजे भक्तांच्या सभेत, देवाची स्तुती करू लागतो. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (रोम १२:३) योग्यतेपेक्षा स्वतःला अधिक मानू नका म्हणतो, आणि लगेच समंजसपणे विचार करायला सांगतो. त्यामागोमाग कृपादानांची, म्हणजे देवाने दिलेल्या क्षमतांची, यादी येते: सेवा, शिकवणे, बोध, दान. शिकवण्याचे दान असलेल्याने ‘मला कुठे काय येतंय’ म्हणत मागे राहावे, असे तिथे कुठेही नाही. गणना १२:३ मोशेला पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांत नम्र म्हणते. पण जळत्या झुडपापाशी देवाने कामगिरी सोपवल्यावर तो मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव, असे म्हणत राहिला, तेव्हा देवाचा राग भडकला (निर्गम ४:१४).

परंपरेत या दाव्याला थोडा आधार आहे, हे मान्य करायला हवे. सहाव्या शतकातल्या संत बेनेदिक्ताच्या नियमावलीत नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत, आणि सातवीवर मठवाश्याने मनापासून स्वतःला सर्वांहून हीन मानावे असे म्हटले आहे. मात्र पहिली पायरी आहे देवाचे भय, म्हणजे आपण सतत त्याच्या नजरेसमोर आहोत याचे भान. शिवाय चौथा अध्याय सांगतो की स्वतःत काही चांगले दिसले तर श्रेय देवाला द्यावे. चांगले दिसूच नये, असे तो म्हणत नाही. सहा पायऱ्या गाळून सातवीवर उडी मारणाऱ्याची नजर देवाकडे वळलेलीच नसते. पूर्वी तो आपला मोठेपणा न्याहाळत होता, आता क्षुद्रपणा न्याहाळतो.

‘अन्याय झाला तरी गप्प राहा.’ पाचांत सर्वांत घातक दावा हाच, कारण तो बहुधा दुबळ्यालाच ऐकवला जातो. अटकेनंतरच्या चौकशीत चपराक बसल्यावर येशूने मारणाऱ्याला विचारले: मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, योग्य बोललो असेन तर मारतोस का? (योहान १८:२३). फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके खाल्लेल्या पौलाने गुपचूप सुटका नाकारली आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर काढावे असे सांगितले (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. नम्रता मागते ती सूड सोडण्याची तयारी (रोम १२:१९). दाद मागणे म्हणजे सूड नव्हे. मत्तय १८:१५-१७ चा क्रम उपयोगी आहे: आधी एकांतात बोला, मग एकदोन साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे. पण मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तिथे पीडिताला एकटे अत्याचाऱ्यासमोर पाठवणे हा या वचनाचा गैरवापर आहे. तिथे आधी सुरक्षितता आणि कायदा.

‘कौतुक नाकारा.’ नाकारले की समोरचा दुप्पट कौतुक करतो, एवढेच होते. ‘धन्यवाद’ म्हणा, ज्यांनी हात लावला त्यांची नावे घ्या, विषय बदला.

‘स्वतःसाठी मागू नका.’ १ पेत्र ५:६ मध्ये देवाच्या हाताखाली लीन व्हा असे आहे, आणि सातव्या वचनात सगळी चिंता त्याच्यावर टाका. चिंता टाकणे हीच लीन होण्याची कृती आहे. अविलाच्या संत तेरेसाने (१५१५–१५८२) आपण प्रार्थनेला लायक नाही या खोट्या नम्रतेपोटी वर्षाहून अधिक काळ मनन-प्रार्थना सोडली होती, आणि नंतर तिनेच त्याबद्दल इतरांना सावध केले. करायचे साधे आहे: चिंतेचे नाव घेऊन एका वाक्यात ती देवाला सांगा, मग त्यातले आज आपल्या हातात काय आहे ते वेगळे काढा. नावच न घेता ‘सगळं तुझ्या हाती’ म्हटले की चिंता जिथल्या तिथे राहते.

‘पापे चारचौघांत सांगा.’ लूक १८ मधल्या, मंदिरात ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणाऱ्या जकातदाराचे उदाहरण दिले जाते. पण तो दूर उभा राहून देवाशी बोलत होता, श्रोत्यांशी नाही. ‘मी सर्वांत मोठा पापी’ हे मंडळीपुढे म्हणायला सोपे, कारण त्यात कुणाचे काही परत करावे लागत नाही. येशूला भेटलेल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराने मात्र आकडा सांगितला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट (लूक १९:८). आपली पापे अशी नेमकी ओळखायला रात्री दहा-पंधरा मिनिटांचे आत्मपरीक्षण पुरते. आधी उपकार आठवा, मग प्रकाश मागा, मग दिवस क्रमाने तपासा, चुकीची कृती नेमकी सांगून क्षमा मागा, शेवटी उद्याची एक दुरुस्ती ठरवा. सुरुवातीचे उपकारस्मरण गाळले की हे आत्मपरीक्षण आत्मताडनाकडे घसरते. पाप जितक्या लोकांपर्यंत पोचले, तितक्यांपुढेच ते कबूल करा. एका भावाला दुखावले असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, समेट करा, मग परत येऊन अर्पण करा.