काळी भाजलेली म्हणजे गुणकारी?

‘कॉफी जितकी काळी भाजलेली, तितकी तिच्यात अँटिऑक्सिडंट्स अधिक’ हे कॉफीवरील एका लेखातील विधान सरसकट मान्य करता येत नाही. कच्च्या बियांत भरपूर असलेले क्लोरोजेनिक आम्ल हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारे द्रव्य, भाजताना विघटित होत जाते आणि गडद भाजणीत त्याचा थोडाच अंश उरतो. मात्र त्याच वेळी तपकिरी रंग देणारी मेलॅनॉइडिन्स तयार होतात व त्यांच्यातही हा गुण असल्यामुळे तोटा काही अंशी भरून निघतो, एवढेच म्हणता येईल. आमच्या घरी चिखलदऱ्याच्या बिया लोखंडी कढईत भाजतात. एखादा घाणा करपला की आई त्याला ‘कोळसा’ म्हणते, आणि रसायनशास्त्र बहुधा तिच्याच बाजूचे आहे.

रोबस्टा या कॉफीच्या जातीत अरेबिका या दुसऱ्या जातीपेक्षा क्लोरोजेनिक आम्ल आणि कॅफीन दोन्ही जास्त असतात, हे लेखात योग्य सांगितले आहे; परंतु कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीच्या मुळाच्या भुकटीचा उल्लेखही नाही, ही उणीव मोठी आहे. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी असा आपल्याकडे नियम आहे, म्हणजे खेड्यातल्या किराणा दुकानातून आणलेल्या पुड्यात जवळपास निम्मी भुकटी कॅफीन नसलेल्या या मुळाची असू शकते, आणि अशा पेल्याला शुद्ध कॉफीवरील संशोधनाचे आकडे लावणे योग्य नाही.