जाळी बदलावी की रेडिएटरच? पेडण्याच्या काकांना उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीच्या रेडिएटरवर (इंजिनाचं तापलेलं पाणी जिथे हवेने थंड होतं, त्यावर) मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तराला चार दिवस लागले. तुमचा एक मुद्दा बरोबर आहे, आणि तो मान्य करायचा तर माझं नेमकं कुठे चुकलं ते मला नीट सांगता यायला हवं होतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर टाकून देऊ नका, वरची-खालची टाकी तीच ठेवून मधली जाळी, म्हणजे नळ्या आणि त्यांना चिकटलेले पातळ पदर, नवी करून घ्या. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढू नका. विहिरीचं पाणी घालू नका. काकांना यातलं काहीच पटलेलं नाही. तांब्याचं कौतुक म्हणजे जुन्याचा हट्ट, आज झाडून सगळ्या गाड्या याच खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या रेडिएटरवर चालतात, असं ते म्हणतात. गोव्यासारख्या उष्ण मुलखात थर्मोस्टॅट हवंच कशाला, त्यांच्या मिस्त्रीने ते १९९० सालीच काढलं. आणि त्यांच्या १९८५च्या पद्मिनीला जन्मभर घरच्या बांयचं (विहिरीचं) पाणी घातलं, काही झालं नाही. शेवटचं वाक्य होतं, ‘तुम्ही पोरं पुस्तकं वाचून गाड्या राखता.’

आधी माझी चूक. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं म्हणून तांब्याचा रेडिएटर जास्त थंड ठेवतो, असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. धातू म्हणून तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त उष्णता वाहतं हे खरं. पण आपल्या रेडिएटरमध्ये तांबं असतं ते फक्त जाळीच्या पदरांत. पाणी ज्यातून जातं त्या नळ्या पितळेच्या, आणि पितळ ॲल्युमिनियमच्या जेमतेम निम्मं. शिवाय नळीची भिंत इतकी पातळ असते की धातू कोणता याने फारसा फरकच पडत नाही. उष्णता अडते ती जाळी आणि हवा यांच्यामध्ये. हवेच्या संपर्कात जितकी जास्त जाळी येईल आणि जितकी जास्त हवा तिच्यातून जाईल, तितकं पाणी थंड. ॲल्युमिनियमच्या रुंद चपट्या नळ्यांना जाळी जास्त चिकटते, त्यामुळे नीट बनवलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या तोडीस तोड चालतो, कधी सरसही ठरतो. वजनाला तर फारच हलका. मूळ लेखातलं ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

तरीही पद्मिनीवाल्याने आधी जाळीच बदलावी या मतावर मी ठाम आहे, आणि त्याचं कारण तांब्याचं प्रेम नाही.

माझी गाडी बाबांची, १९७८ची. डिचोलीत वाढलेली. २०१२ साली खाणी बंद पडण्याआधी आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक रात्रंदिवस जायचे, आणि घराच्या कौलांपासून तुळशीच्या पानांपर्यंत सगळ्यावर लाल थर असायचा. तोच थर रेडिएटरच्या जाळीत. पावसात भिजला की चिखल, उन्हात वाळला की वीट. गाडी मोकळ्या रस्त्यावर छान चालायची आणि पर्वरीला वाहनांच्या रांगेत पाच मिनिटं उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढायचा. आता बघा, पद्मिनीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद, की पंखाही मंद. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याच्या जोराने भागून जातं, रांगेत मात्र सगळी मदार त्या पंख्यावर. बंद झालेल्या जाळीतून तो काय ओढणार? अशा वेळी रेडिएटर सोन्याचा बसवला तरी काटा वरच जाणार.

म्हणून गाडी रांगेत तापते की चढावर, हे मी सगळ्यात आधी विचारतो. रांगेत तापत असेल तर हवा बघा: पट्टा अंगठ्याने दाबून किती दबतो (बोटभर रुंदीच्या आसपास ठीक, लोंबत असेल तर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही घसरतात), जाळी किती बुजली आहे, पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं जागेवर आहे की कुणी काढून ठेवलंय. जाळी धुवायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळीच्या पाण्याने. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा जाळी वाकवून हवेची वाट कायमची बंद करतो. चढावर किंवा वेगात तापत असेल, तर मग आतल्या नळ्यांचा संशय घ्यायचा. (‘गोव्याची हवा दमट म्हणून गाडी तापते’ असंही कुणी कुणी म्हणतं. दमटपणाने माणसाचा घाम वाळत नाही. रेडिएटरला घाम येत नाही.)

माझ्या गाडीला दोन्ही दुखणी होती. फोंड्याच्या रेडिएटरवाल्याकडे वरची टाकी उघडली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. त्याने टाकीच्या कडेने ज्योत फिरवली, डागाचं (सांधा जोडणारं) कथील चांदीसारखं चमकलं आणि वितळून खाली सांडलं, आणि टाकी झाकणासारखी अलगद उचलली गेली. आत नळ्यांची तोंडं रांगेने दिसत होती. साधारण तीनातली एक पूर्ण बुजलेली. त्याने पातळ लांब सळई घेतली, एका नळीत घातली, आणि खालून विटेच्या रंगाचा गाळ बोटभर लांबीच्या कांडीसारखा बाहेर आला. तो मी बोटांवर चोळून बघितला. त्यात वाळू नव्हती, चुनाही नव्हता. तो गंज होता. बाहेरून आलेला गाळ नव्हे, आमच्याच इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकचा गंज.

इथेच तुमच्या विहिरीच्या पाण्याचा मुद्दा येतो, काका. आपल्या जांभ्या दगडातलं पाणी गोडं आणि मऊ असतं, चुना फारसा नसतो, म्हणून त्याने काही होत नाही असं वाटतं. पण ते किंचित आम्लधर्मी असतं, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीत उन्हाळ्यात खारटपणाही उतरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर वेळी नवं पाणी घातलं की त्याच्याबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि गंजाला पुन्हा खुराक मिळतो. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड (इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि डाग शिसं-कथिलाचा. इतके धातू एकाच पाण्यात बसलेले आहेत. त्यांच्यात भांडण होऊ नये म्हणून कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं औषध, हवं. थंडीत गोठू नये यासाठी ते असतं, आपल्याकडे थंडी कुठे, हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. उकळणं लांबवणं आणि गंज रोखणं ही त्याची कामं इथेही लागतात. माझ्या गाडीचं हेड उतरवलं तेव्हा पाण्याच्या भोकांभोवतीचं ॲल्युमिनियम कुरतडल्यासारखं खाल्लं गेलेलं होतं, अगदी गॅस्केट बसते त्या कडेपर्यंत. त्या हेडनेही आयुष्यभर घरचंच पाणी प्यायलं होतं, आणि हेड उघडेपर्यंत आम्हीही म्हणत होतो की काही झालं नाही.

तेव्हा बॅटरीचं पाणी घ्या, म्हणजे डिस्टिल्ड. ॲसिड नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण दुकानात दोन्ही कॅन शेजारी असतात. त्यात एक तृतीयांश कूलंट पुरे, त्याहून कमी नको. निम्मं घालण्याची आपल्या हवेत गरज नाही, उष्णता वाहण्यात पाण्याला तोड नाही. कूलंट जुन्या पद्धतीचं घ्या, डब्यावर तांबं, पितळ आणि डागाला चालतं असं लिहिलेलं. नवी दीर्घायुषी कूलंटं ॲल्युमिनियमच्या रेडिएटरांसाठी बनलेली असतात, त्यातली सगळीच जुन्या डागाला मानवत नाहीत. दर दोन वर्षांनी बदला. झाकण उघडल्यावर नळ्यांच्या तोंडावर पांढरट फुलोरा दिसला तर कूलंट संपलं आणि डाग खाल्ला जातोय असं समजा. पावसाचं पाणी गाळून घालतो असंही तुम्ही लिहिलंय. समुद्रापासून दूर असतो तर मी विरोध केला नसता. पेडण्यात वारा समुद्राचं मीठ घेऊनच येतो.

थर्मोस्टॅटबद्दल तुमच्या मिस्त्रीला मी नावं ठेवणार नाही. त्या काळी चांगलं थर्मोस्टॅट मिळायची मारामार होती, आणि बंद अवस्थेत अडकलेल्या थर्मोस्टॅटने इंजिन जाळण्यापेक्षा ते काढणं शहाणपणाचं होतं. पण आज ते मिळतं. आणि एक विचार करा: थर्मोस्टॅट ऐंशीच्या पुढे कुठेतरी उघडायला लागतं. गाडी तापून शंभरला टेकते तेव्हा ते आधीच पूर्ण उघडलेलं असतं. चांगलं थर्मोस्टॅट काढून तापणं थांबत नाही, फक्त उशिरा सुरू होतं, आणि खरा आजार झाकला जातो. उलट जुलैच्या पावसात म्हापशापर्यंत जाऊन परत आलात तरी इंजिन पुरतं गरम होत नाही, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा फेस जमतो. तुमच्या झाकणाखाली आहे का, बघा.

नवं आणलंत तर बसवण्याआधी परीक्षा घ्या. टोपात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून पाण्यात सोडलेलं, तळाला टेकू द्यायचं नाही, शेजारी थर्मामीटर. गॅस मंद. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास पितळी चकती हळूच उचलली जाते. मी आमच्या स्वयंपाकघरात तीन तपासली, त्यातलं एक उघडलंच नाही.

आता ॲल्युमिनियम. नव्या गाड्यांचे रेडिएटर याच हवेत टिकतात, हा तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा. टिकतात, कारण ते त्या गाडीसाठी मोजून बनवलेले असतात, पाणी बंदिस्त असतं, कूलंट ठरलेलं असतं. आणि फुटला तर कुणी दुरुस्त करत नाही, दुकानातून दुसरा आणतात. पद्मिनीचं उत्पादन कुर्ल्याच्या कारखान्यात २०००च्या सुमारास थांबलं. ॲल्युमिनियमचे जे मिळतात ते बरेचदा ‘कुठेही बसेल’ छापाचे. नळीला भोक पडलं तर तुमचा रेडिएटरवाला डाग देऊ शकत नाही, आर्गन वेल्डिंग लागतं, आणि तेही पातळ नळीवर धड बसत नाही. पितळी रेडिएटर मात्र काणकोणपासून पेडण्यापर्यंत ज्याच्या हातात ज्योत आणि कथील आहे तो दुपारपर्यंत उभा करून देतो.

पण जाळी बदलताना डोळे उघडे ठेवा. फोंड्याच्या आधी मी एका दुकानात जाळी बदलून घेतली होती. रंग काळाभोर, काम सुबक. पहिल्याच उन्हाळ्यात बेळगावला जाताना चोर्ला घाटात गाडी उकळली. घरी येऊन मोजपट्टी लावली: जुन्या जाळीत इंचाला बारा पदर होते, नव्या जाळीत आठ. तांबं वाचवलेलं होतं. तेव्हापासून मी जुन्या जाळीचा फोटो पट्टी लावून काढतो, नळ्यांच्या रांगा मोजतो, जाडी लिहून ठेवतो, आणि काम झाल्यावर रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवून हवा भरून बुडबुडे बघितल्याशिवाय घरी आणत नाही. जुन्या पितळी टाक्या बदलून देतो म्हणाले तर नको म्हणा, त्या जड आणि चांगल्या आहेत.

घाटाचा विषय निघालाच आहे तर रेडिएटरच्या झाकणाकडेही बघा. चोर्ल्याचा माथा सुमारे ८०० मीटर उंच, तिथे उघडं पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने अर्ध्या बारचा दाब धरला तर समुद्रसपाटीला तेच पाणी १११पर्यंत तग धरतं, आणि घाटातही शंभराच्या बरंच वर. रबरी वॉशर चिरलेला असेल तर एवढी सगळी सवलत गेली. झाकण मूळ आकड्याचंच घ्या. जास्त दाबाचं घेतलं तर जुने डाग उसवतात.

आणि काका, तुमच्याच गाडीपुरतं बोलायचं तर मी तुमच्या बाजूने आहे. तुम्ही वरून एसी बसवलाय. त्याची जाळी रेडिएटरच्या पुढे उभी, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा, आणि इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार वेगळा. तिथे मापात करून घेतलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि विजेचा पंखा शोभेल. गाडीला वीज बनवायला जुना डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, पंख्याचा भार डायनॅमोला झेपत नाही. रेडिएटर रबरावर बसवा, लोखंडी पट्टीला थेट टेकू देऊ नका, इंजिनाची अर्थिंगची वायर नवी घाला, आणि कूलंट मग ॲल्युमिनियमचं. त्यात विहिरीचं पाणी मात्र एक पेलाही नको. खारटपणा ॲल्युमिनियमला टाचणीएवढी भोकं पाडतो.

रेडिएटर मागवण्याआधी एकदा डिचोलीला या. येत्या रविवारी मी घरीच आहे. वाटेत म्हापशात रांगेत सापडलात तर एसी चालू ठेवून काटा कुठवर जातो ते लक्षात ठेवा, मग एसी बंद करून पुन्हा बघा. मिस्त्रीने काढलेलं ते जुनं थर्मोस्टॅट अजून डब्यात पडलेलं असेल तर घेऊन या, टोपात घालून बघू. गाडी गार व्हायला तासभर लागेल, तोवर चहा घेऊ. झाकण त्यानंतरच उघडायचं.